धुण्यावर काजळी पडतीय? आधी धूर कुणाचा ते ओळखा, मग अर्ज लिहा

नोव्हेंबर उजाडला, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की आमच्या सांगलीत गच्चीवरच्या धुण्याला काळे ठिपके पडायला लागतात, आणि पांढऱ्या चादरी बघून आमची आई जे काय बोलते ते इथं लिहिण्यासारखं नाही. तीन वर्षांमागं मी असाच चिडून एका सरकारी कार्यालयात अर्ज घेऊन गेलो होतो, "शहरात प्रदूषण फार वाढले असून योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती" असला. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "कुठल्या धुराबद्दल बोलताय तुम्ही? कारखान्याचा असंल तर आमच्याकडं येत नाही, गाड्यांचा असंल तर आरटीओ, कचऱ्याचा असंल तर पलीकडच्या इमारतीत." तेव्हा लई राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता. धुराला मालक असतो आणि प्रत्येक मालकाचं टेबल वेगळं असतं, आणि मालक कोण ते आपल्यालाच आधी शोधायला लागतंय. आता ते कसं करायचं ते सांगतो, सगळं घरच्या सामानात होतंय.

स्टीलचं एक जुनं ताट घ्या, त्याला खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवा, संध्याकाळी गच्चीवर ठेवा आणि सकाळी उजेडात बघा. काळसर करडी, हलकी, चपटी कणी असेल आणि बोटात धरली की लगेच चुरगळत असेल तर ती बगॅसची राख, म्हणजे उसाच्या चिपाडाची, साखर कारखान्याचा बॉयलर नाहीतर गुऱ्हाळाचं चुलवण. लांबट काळे धागे असतील, पानाच्या शिरा सुद्धा दिसत असतील, तर कुणीतरी फडात पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, पेटवलंय. तेलकट काळं असेल, पुसायला गेलं की पसरत असेल आणि हाताला चिकटून बसत असेल तर डिझेल, टायर नाहीतर प्लॅस्टिक. मातकट खरखरीत असेल तर ती रस्त्याची नाहीतर बांधकामाची धूळ, आणि ती आपल्याकडं वाटते त्यापेक्षा फार असते, शंभर फुटी रोडला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला राहत असाल तर अजून एक करा, ती धूळ कागदावर घ्या आणि कागदाखालनं लोहचुंबक फिरवा, कण कागदावर पळायला लागले तर त्यात लोखंड आहे आणि मग फाउंड्री (लोखंड ओतायचा कारखाना) नाहीतर ग्राइंडिंगचं शेड शोधायला लागायचं.

ताटाच्या जोडीला एका वहीत वेळ लिहायची, वारा कुठनं होता ते लिहायचं (उदबत्ती लावून धरली तरी कळतं). कचरा बहुतेक पहाटे पेटतो, झाडलोट करून ढीग केला की काडी लावायची सवय आहे लोकांची. पाचट दुपारनंतर पेटतं. वीटभट्टी रात्रभर धुमसते, नदीकाठच्या गावांना हे माहितीय. आणि चिमणीकडं बघताना एक फसगत होते ती टाळा, पांढरा धूर चिमणीतनं निघून थोड्याच अंतरावर विरून जात असेल तर ती बहुतेक वाफ असते, ओल्या बगॅसची नाहीतर स्क्रबरच्या, म्हणजे धूर धुणाऱ्या यंत्राच्या, पाण्याची. लांबपर्यंत पट्टा ओढत जात असेल, करडा नाहीतर तपकिरी, तर ते कण. काळा असेल तर आत नीट जळत नाहीय.

आता एक उलटी गोष्ट सांगतो. ताटावर जे दिसतं ते सगळ्यात घातक नसतं. मोठी राख डोळ्यात जाते, नाकात अडकते, घसा खवखवतो, धुणं खराब होतं, पण नाकातले केस आणि शेंबूड तिला बऱ्यापैकी अडवतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पीएम १० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे कण आणि पीएम २.५ म्हणजे त्याहून बारीक, केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढे नाहीतर त्याहूनही लहान. हे बारके ताटावर दिसत नाहीत, हवेत तरंगत राहतात, थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात आणि तिथनं रक्तात उतरतात. म्हणून प्रदूषण म्हटलं की लोक नुसत्या खोकल्याचा विचार करतात पण हार्ट अटॅक, लकवा, कमी वजनाचं बाळ हेही त्याच खात्यात येतं, आणि २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं बाहेरच्या प्रदूषित हवेला तंबाखूच्याच गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत टाकलंय.

गॅसांचं म्हणाल तर सल्फर डायऑक्साइड कसा असतो ते कळायला पुस्तक उघडायला नको, तासगाव-कवठेमहांकाळकडं बेदाण्याच्या शेडवर जाऊन या. बेदाणा पिवळाधमक राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात, प्लॅस्टिकचा कागद चहूबाजूंनी बांधून आत गंधक पेटवायचं, जो गॅस होतो तोच हा. माझा मावसभाऊ पहिल्या वर्षी सकाळी उत्साहात गेला आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा राहून कागद उघडला, पुढची पाच मिनिटं तो बांधावर बसून नुसता खोकत होता, डोळ्यांतनं पाणी, छाती आवळून आलेली. धडधाकट माणसाचं हे, दम्याच्या माणसाची श्वासनळी या गॅसनं काही मिनिटांत आकसते. त्यामुळं कागद उघडायचा तर वारा आपल्या पाठीवर घेऊन उघडायचा, उघडला की लांब जायचं आणि शेड मोकळी झाल्यावरच आत शिरायचं, आणि घरात दमेकरी असेल तर त्याला त्या दिवशी शेडवर नेऊच नका. कोळसा जळतो तिथंही हाच गॅस निघतो. नायट्रोजन डायऑक्साइड गाड्यांचा, जास्त करून डिझेलचा, तोही श्वासनळीलाच धरतो. ओझोन कुठल्या धुराड्यातनं निघत नाही, गाड्यांचा धूर आणि ऊन मिळून तयार होतो, म्हणून उन्हाळ्यात दुपारचा जास्त.

कार्बन मोनॉक्साइड मात्र जरा थांबून वाचा, कारण तो घरात मारतो. वास नाही, रंग नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा याला दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतं. थंडीत घमेल्यात निखारे घेऊन खोली बंद करून झोपणं, खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये गॅस गिझर लावून दार कडी घालून वीस मिनिटं आंघोळ करणं, यानं माणसं जातात. डोकं जड झालं, मळमळायला लागलं, पायातला जोर गेला असं वाटलं तर विचार करत बसू नका, दार उघडून बाहेर या, मग दवाखाना. गिझर बाथरूमच्या बाहेर बसवा, हे काम याच आठवड्यात करा.

मोबाइलवरच्या आकड्याकडं येऊ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप आहे, ते टाका. आपला एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, २०१५ पासून चालू आहे, ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट, त्याच्या वर गंभीर. आठ घटक धरतात पण बेरीज करत नाहीत, ज्याचा आकडा सगळ्यात जास्त तोच त्या दिवसाचा एक्यूआय. म्हणजे पीएम २.५ जर घनमीटर हवेत ७५ मायक्रोग्रॅम असेल तर त्याचा आकडा १५० येतो, त्याच दिवशी पीएम १० जर १६० असेल तर त्याचा १४०, मग एक्यूआय १५० आणि कारण पीएम २.५. ॲपमध्ये ते कारण लिहिलेलं असतं, ते वाचा, नुसता रंग बघू नका. पीएम १० कारण असेल तर धुळीचा संशय, पीएम २.५ असेल तर जळण्याचा.

लोक व्हॉट्सॲपवर भांडतात ना की एकाच्या मोबाइलवर हवा हिरवी आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर लाल, त्याचं कारण साधं आहे, बरीच खाजगी ॲपं अमेरिकन पट्टीनं मोजतात. पीएम २.५ ची पातळी ६० असली तर आपल्या पट्टीवर १०० येतो म्हणजे समाधानकारक आणि अमेरिकन पट्टीवर दीडशेच्या वर जातो. हवा तीच. आणि आकडा कुठल्या केंद्राचा आहे तेही बघा, हातानं चालवायची जी केंद्रं असतात तिथं आठवड्यातनं दोनदाच नमुना घेतात, वर्षाचे १०४ दिवस, त्यामुळं तुमच्या गल्लीत मंगळवारी पहाटे टायर जळला तो कुठल्याच आकड्यात येणार नाही. तुमचं ताट आणि तुमची वही तिथं जास्त कामाची.

कायद्याची मर्यादा काय? देशाची हवेची मानकं १८ नोव्हेंबर २००९ ला आली, बारा घटकांची. घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये धरलं तर पीएम २.५ दिवसाची सरासरी ६० आणि वर्षाची ४०, पीएम १० दिवसाची १०० आणि वर्षाची ६०, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड दोन्ही दिवसाला ८०. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पीएम २.५ साठी वर्षाला ५ म्हटलंय, म्हणजे आपलं ४० त्याच्या आठपट. मानकात बसलं म्हणजे बाधत नाही असं समजू नका, एवढंच. आणि हो, सांगली हे केंद्र सरकारच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे, २०१९ ला सुरू झालेल्या, म्हणजे हवेची मानकं पाळता न आलेल्या शहरांच्या यादीत आपलं नाव आहे पुणे, सोलापूर, कोल्हापूरच्या जोडीला. अर्जात हे एक वाक्य जरूर घाला, त्यावर साहेब लोक जरा सरळ बसतात.

घरात जपायचं कसं हे आईमुळं शिकलो, तिला दमा आहे. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा गार पडते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं, रात्रीचा सगळा धूर त्याखाली कोंडतो, त्यामुळं पहाटे साडेपाचला स्वेटर घालून आमराईत आणि कृष्णाकाठी जी मंडळी छाती भरून श्वास घेतात ती नेमकी दिवसातली सगळ्यात घाण हवा घेतात. धुकं म्हणून फोटो काढतात त्यातलं निम्मं धूर असतं असं माझं मत. आईला आता ऊन वर आल्यावर, साडेआठ-नऊला सोडतो, नाहीतर दुपारी चारनंतर. सुरवातीला भांडली, "पहाटेची हवा औषधी असते" म्हणून. मग पीक फ्लो मीटर आणलं, मेडिकलमध्ये मिळतं, त्यात जोरात फुंकायचं आणि काटा कुठं गेला ते लिहायचं. पहाटेच्या फेरीनंतर काटा २१० आणि उन्हातल्या फेरीनंतर २६०, असं आठवडाभर वहीत दिसल्यावर तिनंच गजर बंद केला. आपला नेहमीचा चांगला आकडा काढून ठेवायचा, त्याच्या ८० टक्क्यांखाली आलं की सावध व्हायचं आणि डॉक्टरांनी ठरवून दिलंय तसं वागायचं, निम्म्याच्या खाली आलं की पंप (इनहेलर) घेऊन थेट दवाखाना गाठायचा. पंपाची सवय लागते वगैरे ऐकू नका.

मास्क घालायचा तर एन ९५, रुमाल आणि कापडी मास्क बारक्या कणांना अडवत नाहीत, आणि एन ९५ सुद्धा कडेनं फट राहिली तर शोभेचा, दाढीवाल्यांनी मनात राग धरू नये. घर झाडताना कोरडा झाडू नको, ओलं फडकं. खिडक्या पहाटे आणि शेजारी धूर चालू असताना बंद, दुपारी सताड उघड्या. एअर प्युरिफायर घ्यायचाच तर हेपा, म्हणजे बारके कण धरणाऱ्या, फिल्टरचा, आणि दमेकरी झोपतो त्या एका खोलीत दार लावून, हॉलमध्ये ठेवून चार खोल्या शुद्ध होत नाहीत.

आणि अर्ज लिहायच्या आधी आपला बंब बघा. आमच्या गल्लीत अजून सात-आठ घरी पाणी तापवायला बंब पेटतो, लाकूड ठीक आहे एकवेळ, पण त्यात दुधाच्या पिशव्या, जुनी चप्पल, वायरीचे तुकडे जातात, पेट पटकन धरतो म्हणून. प्लॅस्टिक असं कमी आचेवर जळलं की, त्यातही पीव्हीसी, त्यातनं डायॉक्सिनसारखी विषं निघतात आणि ती बाई जी वाकून फुंकर घालत असते ती सगळ्यात आधी घेते. चुलीचंही तेच. गॅस परवडत नसेल तर निदान कोरडं लाकूड आणि वर धुराडं, एवढं तरी.

पाचटाचं तर माझ्या मामांशी दोन हंगाम वाद घातला. वाळव्याकडं शेती आहे, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवरच घेतलेलं पुढचं पीक) ठेवायचा तर पाचट पेटवलं की रान एका दिवसात मोकळं होतं, त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, उंदीर होतात, पाणी पुढं सरकत नाही. शेवटी एक एकर करून बघू म्हणाले. एकरी साधारण तीन-चार टन पाचट निघतं, ते सरीत दाबायचं, बुडखे मोकळे करून छाटायचे, आणि टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक पसरून टाकायचं, मग पाणी. कुट्टी यंत्र भाड्यानं मिळालं तर लवकर कुजतं. उन्हाळ्यात त्या एकराला पाण्याची पाळी चार-पाच दिवस उशिरा द्यायला लागली तेव्हा मामा गप्प झाले, आता उरलेल्या रानात पण तेच करतात, मला मात्र सांगत नाहीत.

आता टेबलं. कारखाना, फाउंड्री, स्टोन क्रशर, वीटभट्टी यांच्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, सांगलीला त्यांचं उपप्रादेशिक कार्यालय आहे. १९८१ च्या हवा कायद्याप्रमाणं अशा प्रत्येक उद्योगाला मंडळाचं संमतीपत्र लागतं, त्यात चिमणी किती उंच, धूळ पकडायचं यंत्र कुठलं, किती सोडायचं हे सगळं लिहिलेलं असतं. तुमच्या अर्जाचा जीव त्या कागदात आहे. बगॅसच्या बॉयलरला चिमणीतनं घनमीटरला १५० मिलिग्रॅम कणांची मर्यादा आहे, म्हणून "राख फार पडते" असं न लिहिता "अमुक तारखांना रात्री अमुक वाजता राख पडली, वारा पूर्वेकडून होता, ताटाचे फोटो जोडले आहेत, चिमणीची तपासणी करून अहवालाची प्रत द्यावी" असं लिहायचं. रात्रीची वेळ आवर्जून लिहा, कारण धूळ पकडायची यंत्रं वीज खातात आणि ती रात्री बंद ठेवल्याचा संशय लोकांना येतो, तपासणी दुपारी बारा वाजता झाली तर काय सापडणार. मंडळाला नोटीस काढता येते, वीज-पाणी तोडायचा आदेश देता येतो, आणि १ एप्रिल २०२४ पासून या कायद्यात १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत दंड आहे.

कचरा जाळणं हे महापालिकेचं, गावात ग्रामपंचायतीचं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर जाळायला बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरात हरित लवादानं, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टानं, साध्या जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या ढिगाला २५ हजार असा दंड ठरवला. इथं अर्जापेक्षा जळत असतानाचा फोटो, लोकेशन आणि वेळ वॉर्डातल्या आरोग्य निरीक्षकाला लगेच पाठवणं उपयोगी, विझल्यावर राखेचा फोटो कुणी विचारत नाही. फोटोत शेजाऱ्याचं तोंड घेऊ नका, उगीच जन्माचं वैर. गाडी धूर ओकत असेल तर नंबरासकट वाहतूक पोलीस नाहीतर आरटीओ, पीयूसी नसेल तर १० हजारांपर्यंत दंड बसतो.

अर्ज कायम दोन प्रतीत, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. "साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा" म्हटलं तर बसा, मीही बसलोय. महिनाभर काही हललं नाही तर माहिती अधिकार टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकाच विषयाचा, दीडशे शब्दांच्या आत, आपल्याकडं तसा नियम आहे. "कारवाई का केली नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. कागद मागा, संमतीपत्राची प्रत, गेल्या दोन हंगामांतले चिमणी तपासणीचे अहवाल, आणि दिलेल्या कारणे दाखवा नोटिसा. ३० दिवसांत मिळालं नाही की २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. पुण्याला हरित लवादाचं पीठ आहे पण तिथं मूळ अर्जाला सहा महिन्यांची मुदत असते, ती त्रासाचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून धरतात, म्हणून वहीतली पहिली तारीख पेननं लिहा, पेन्सिलनं नको.

माझ्या दुसऱ्या अर्जाला फोटो नऊ, तारखा चौदा आणि ताट सोबत नेलं होतं, कागदात गुंडाळून. खिडकीवरच्या बाईंनी ताट बघितलं, बोट फिरवून बघितलं, म्हणाल्या आमच्याकडं पण असंच पडतंय ओ, आणि शिक्का मारला.